आबे फारिया आणि सजग निद्रा

पणजीस मांडवीच्या काठाने जुन्या आदिलशाही वाड्यावरून जाताना एक काळसर पुतळा वाटसरूचे लक्ष वेधून घेतो. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे, आणि त्या हातांखाली एक स्त्री भान हरपून मागे कलंडत आहे. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा १९४५ साली येथे बसविण्यात आला. शिल्प म्हणून तो पाहण्याजोगा आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. त्या पसरलेल्या बोटांतून काहीतरी अदृश्य निघून त्या स्त्रीच्या ठायी शिरत आहे, असा भास पाहणाऱ्यास क्षणभर होतोच होतो. परंतु मौज अशी की, ज्या पुरुषाचे हे स्मारक आहे त्याने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे नेमका हाच भास खोडून काढण्यात वेचली. माझ्या हातांतून काहीही निघत नाही, निद्रा देणारा मी कोणी नव्हे, जे काही घडते ते निजणाऱ्याच्या आतच घडते, हे त्याचे म्हणणे होते. मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी त्याच्या जन्मभूमीने त्याचा गौरव केला तो त्याच्या प्रतिपक्षाचे मत ब्राँझमध्ये ओतून!

जुझे कुस्तोदियु द फारिया हे त्याचे नाव. जगास तो आबे फारिया म्हणून ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणणेही तितकेसे खरे नाही. विद्यार्थिदशेत ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉंटे क्रिस्टो' ही कादंबरी मी रात्री जागून वाचली, तेव्हा शातो दीफच्या अंधारकोठडीत भुयार खणणारा तो वृद्ध, विद्वान कैदी आमच्या शेजारच्या बार्देशातला असेल अशी शंकाही मनात आली नव्हती. कादंबरीकाराने त्याला इटालियन करून टाकले आहे. खरा फारिया हा ३१ मे १७५६ रोजी कांदोळी गावी जन्मला. आई व बाप यांचे पटेना, तेव्हा धर्मसंस्थेच्या अनुमतीने दोघे विभक्त झाली. बाप कायतान व्हितोरीन हा पाद्री झाला आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात जोगीण होऊन राहिली. १७७१ साली पंधरा वर्षांच्या मुलास घेऊन बाप लिस्बनला गेला, तेथून मुलाचे शिक्षण रोममध्ये झाले आणि १७८० साली त्यास धर्मदीक्षा मिळाली.

लिस्बनमधील एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. राणीच्या समक्ष प्रार्थनामंदिरात प्रवचन करण्यास तरुण फारिया उभा राहिला, आणि समोरचा तो मानकऱ्यांचा मेळा पाहून त्याची वाचाच बसली. खाली जवळच बसलेला बाप कोकणीत पुटपुटला : ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! ते शब्द कानी पडताच मुलाची भीती पळाली आणि प्रवचन ओघाने सुरू झाले. या प्रसंगातूनच त्यास शब्दाच्या सामर्थ्याचा शोध लागला, असे त्याचे भक्त म्हणतात. चरित्रात अशा सोयीच्या गोष्टी मागाहून घुसडल्या जातात, म्हणून मी तिच्यावर फारसा भार टाकीत नाही. तथापि गोष्ट रचणाऱ्याने फारियाचे मत मात्र बरोबर हेरले आहे. बापाने मुलास स्पर्श केला नाही, मंत्र घातला नाही. सामर्थ्य होते ते मुलाने त्या शब्दांचा जो अर्थ आपल्या मनाशी केला त्यात.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. त्या कटाशी फारिया पितापुत्रांचे नाव जोडले गेले आणि १७८८ साली पुत्र पॅरिसला आला. एका वर्षाने तेथे जे वादळ उठले त्यात हा गोमंतकीय पाद्रीही सापडला. १७९५ सालच्या बंडाळीत तो कन्व्हेन्शनविरुद्ध एका तुकडीच्या अग्रभागी होता. हा भाग रंजक असला तरी आपल्या विषयास तो फारसा लागत नाही. लागते ते हे की, याच पॅरिसमध्ये त्याच्या आगमनापूर्वी काही वर्षे मेस्मेर नावाच्या व्हिएन्नातील वैद्याने मोठी धमाल उडवून दिली होती.

मेस्मेरचा सिद्धांत थोडक्यात असा : सर्व विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे; शरीरात त्याचा प्रवाह अडला की रोग होतो, आणि ज्याच्यापाशी त्या द्रवाचा साठा आहे असा पुरुष हस्तसंचालनाने तो रोग्याच्या अंगी भरू शकतो. आपल्याकडे मेस्मेरिझमला 'प्राणविनिमय' असा शब्द जुन्या लेखकांनी योजिला. शब्द सुंदर आहे, पण त्याच्या पोटात मेस्मेरचा सारा सिद्धांत दडला आहे. एकाचा प्राण दुसऱ्याच्या अंगी जातो, हे तो शब्द उच्चारतानाच आपण मान्य करून चुकतो. पणजीच्या पुतळ्याचे हात आणि मराठीतला हा शब्द, दोहोंचा अर्थ एकच.

१७८४ साली फ्रान्सच्या राजाने या प्रकाराची परीक्षा करण्यास एक मंडळ नेमले. बेंजामिन फ्रँकलिन, रसायनवेत्ता लाव्हाझिए, ज्योतिषी बायी आणि डॉक्टर गियोतँ अशी जगन्मान्य नावे त्यात होती. त्यांनी केलेले प्रयोग आजही आदर्श वाटतात. फ्रँकलिनच्या बागेतील एका झाडात द्रव 'भरण्यात' आला, आणि एका बारा वर्षांच्या मुलास डोळे बांधून झाडांजवळून फिरविण्यात आले. मुलगा चवथ्या झाडापाशी मूर्च्छित होऊन पडला; आणि ते झाड भलतेच होते. ज्यांस द्रवयुक्त पाणी म्हणून साधे पाणी दिले त्यांस झटके आले. नकळत खरे 'द्रवयुक्त' दिले तेव्हा काही झाले नाही. मंडळाने निकाल दिला की, असा कोणताही द्रव अस्तित्वात नाही आणि जे परिणाम दिसतात ते कल्पनेचे आहेत.

निकाल निर्विवाद बरोबर होता. पण तो देऊन हे थोर पुरुष उठून गेले, ही गोष्ट मला नेहमी आश्चर्याची वाटत आली आहे. नुसत्या कल्पनेने जर धडधाकट मुलगा झाडाखाली कोसळतो, तर ती कल्पना म्हणजे काय चीज आहे, हे पाहावयास नको काय? परंतु त्यांच्या लेखी 'कल्पना' हा प्रश्नाचा शेवट होता. तो प्रश्नाचा आरंभ आहे हे ज्याने प्रथम ठामपणे मांडले, तो हा कांदोळीचा पाद्री.

मध्यंतरी मेस्मेरच्या पंथातच एक नवा फाटा फुटला होता. मार्की द प्युसेग्युर या सरदाराने १७८४ सालीच व्हिक्टर रास नावाच्या आपल्या एका कुळास हस्तसंचालन केले, तो झटके येण्याऐवजी तो शांत झोपला, आणि झोपेतच बोलू चालू लागला. फारियाने विद्या घेतली ती या प्युसेग्युरपासून, आणि पुढे आपला ग्रंथही त्यासच अर्पण केला. आरंभीच्या काळात त्याची स्वतःची मते काय होती कोण जाणे. शातोब्रियाँने आपल्या आठवणींत एका मेजवानीचा प्रसंग दिला आहे, त्यात फारिया एका पिवळ्या पाखरास आपल्या शक्तीने मारून दाखविण्याची बढाई मारतो, आणि पाखरू काही केल्या मरेना तेव्हा स्वतःच काढता पाय घेतो. शातोब्रियाँ हा अशा ठिकाणी तिखटमीठ लावल्याखेरीज राहणारा लेखक नव्हे. तरीही, पुढे ज्याने शक्तीची कल्पनाच टाकून दिली तो एके काळी तीवर विसंबला होता, असे निघाले तर त्यात त्याचा कमीपणा मला दिसत नाही.

१८११ च्या सुमारास मार्सेयच्या विद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापन, मग नीममध्ये काही काळ तेच काम, आणि १८१३ साली पुन्हा पॅरिस. तेथे रू द क्लिशी या रस्त्यावरील एका घरात त्याने प्रवेशमूल्य घेऊन दर आठवड्यास जाहीर व्याख्याने व प्रयोग सुरू केले. श्रोत्यांत बहुतेक स्त्रिया असत. उंच, सावळा, वृद्ध पाद्री, फ्रेंच उच्चार परदेशी. पण पद्धत इतकी साधी की पूर्वीच्या मांत्रिकी थाटाची सवय असलेल्यांस ती चमत्कारिक वाटे. मेस्मेरचे ते पाण्याचे पिंप नाही, लोखंडाच्या कांबी नाहीत, वाद्ये नाहीत. माणसास आरामखुर्चीत बसवावे, डोळे मिटून मन झोपेवर एकाग्र करण्यास सांगावे, आणि मग शांत पण करड्या स्वरात एकच शब्द उच्चारावा : झोपा! केव्हा आपला उघडा हात समोर धरून त्याकडे टक लावण्यास सांगावे आणि तो हळूहळू जवळ आणावा. काही वेळा प्रयत्न करूनही झोप आली नाही, तर हा मनुष्य या कामी योग्य नाही असे म्हणून त्यास सोडून द्यावे. झोपलेल्यास साधे पाणी मद्य म्हणून दिले तर त्यास मद्याची चव येई. हात उचलता येणार नाही म्हटले की तो उचलत नसे. जागे झाल्यावर अमुक कर असे सांगून ठेविले तर जागेपणी तो ते करी. या अवस्थेस फारियाने नाव दिले 'सजग निद्रा'.

मग त्याने जो विचार मांडला त्याचे महत्त्व सहज निसटून जाण्यासारखे आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. तो म्हणतो, मी तोच, शब्द तोच, स्वर तोच. तरी एक झोपतो आणि दुसरा झोपत नाही. शक्ती माझी असती तर ती सर्वांवर सारखी चालली असती. ज्या अर्थी ती चालत नाही, त्या अर्थी कारण माझ्यात नसून त्याच्यात आहे. म्हणून त्याने 'चुंबकित करणारा' हे पूर्वीचे नाव टाकून स्वतःस केवळ 'एकाग्रता करविणारा' म्हटले. एखाद्या मांत्रिकाने भरसभेत उठून आपल्या दोरीत काही नाही, जे काही आहे ते तुमच्यात आहे, असे सांगावे तसे हे झाले. सत्तेचे आसन आपण होऊन सोडणारा मनुष्य लोकांस सहसा आवडत नाही.

आणि तसेच झाले. द्रववादी त्यास पाखंडी म्हणू लागले, कारण त्याने त्यांचा द्रव काढून घेतला. धर्मोपदेशक त्यास सैतानाचा हस्तक म्हणू लागले. त्यांस तो उत्तर देई की, येथे सैतानाचे काही काम नाही, हा मानवी मनाचा स्वभावच आहे. उरलेली कामगिरी नटांनी केली. एका नटाने प्रयोगाच्या वेळी झोपेचे सोंग घेऊन ऐनवेळी डोळे उघडले आणि सभेत हशा पिकविला; १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टवाळी करणारे एक प्रहसनही आले. एका लबाडाने सोंग केले म्हणून सारेच सोंग, हा तर्क किती लंगडा आहे हे सांगावयास नको. पण हशापुढे तर्काचे चालत नाही. श्रोते ओसरले, आणि फारियाने एका मुलींच्या वसतिशाळेत धर्मोपदेशकाची लहानशी जागा पत्करली.

त्याच्या ग्रंथात सारेच सोने आहे, असे भासविण्याचा माझा हेतू नाही. काहींसच ही निद्रा का येते याचे कारण त्याने रक्ताच्या पातळपणात शोधले, आणि ते आज कोणी मानणार नाही. ही अवस्था म्हणजे निसर्गनिद्राच होय, हे त्याचे दुसरे मतही टिकले नाही. १९२९ साली हान्स बेर्गेरने मानवी मेंदूतील विद्युत्स्पंदनांचे आलेख प्रसिद्ध केले; १९५३ साली ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होणारा काळ आणि त्याचा स्वप्नांशी असलेला संबंध दाखवून दिला. या आलेखांनी एक गोष्ट निर्विवाद झाली ती ही की, संमोहित माणसाचा मेंदू झोपलेल्या माणसाच्या मेंदूसारखा दिसत नाही. तो जागा असतो. म्हणजे फारियाच्या जोडनावात 'सजग' हे विशेषण टिकले आणि 'निद्रा' हे विशेष्य गळले. 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ करणारा ब्रेड यासही पुढे १८४७ साली निद्रावाचक नावाचा पश्चात्ताप झालाच होता.

पण या प्रश्नाची खरी कसोटी पॅरिसच्या दिवाणखान्यात लागली नाही. ती लागली बंगालमध्ये, हुगळीच्या तुरुंगाच्या दवाखान्यात, आणि तीही फारियाचे मत न मानणाऱ्या एका माणसाच्या हातून. जेम्स एस्डेल हा स्कॉटिश शस्त्रवैद्य कंपनीच्या नोकरीत होता. ४ एप्रिल १८४५ रोजी माधव कौडा नावाचा, बेड्या घालून रस्त्याच्या कामावर लावलेला एक कैदी अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेने तळमळत होता. एस्डेलने मेस्मेरिझमविषयी थोडेफार वाचले होते, पाहिले काहीच नव्हते. त्याने हात फिरविण्यास सुरुवात केली, आणि काही वेळाने तो कैदी असा झोपला की टोचले, भाजले तरी हलेना. जिल्ह्याचे न्यायाधीश आणि कलेक्टर हे दृश्य पाहावयास आले. पुढील आठ महिन्यांत एस्डेलने ७३ वेदनारहित शस्त्रक्रियांची यादी प्रसिद्ध केली. हत्तीरोगाने वाढलेल्या मोठमोठ्या गाठी त्यात होत्या. बोस्टनमध्ये ईथरचा पहिला जाहीर प्रयोग १६ ऑक्टोबर १८४६ रोजी झाला, आणि क्लोरोफॉर्म १८४७ च्या नोव्हेंबरात आले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यादीची किंमत कळते. हे हस्तसंचालन तासन्‌तास चाले, आणि ते एस्डेल स्वतः न करता दवाखान्यातील हिंदू व मुसलमान मदतनिसांकडून करवून घेई. लोकांस ते आपल्या झाडफुंकीसारखेच वाटे.

सरकारने १८४६ साली परीक्षणास समिती नेमली. तिने जे पाहिले ते नमूद करण्यात तिने प्रामाणिकपणा दाखविला. काही रोगी शस्त्र चालत असता निश्चल पडून होते. परंतु तिघांच्या बाबतीत हात झटकणे, अंग पिळवटणे, चेहरा विद्रूप होणे अशी चिन्हे दिसली. मुक्या माणसास असह्य वेदना होत असता तो जे करील ते सारे, फक्त शस्त्रवैद्यास प्रतिकार तेवढा नाही. आणि जागे झाल्यावर त्यांनीही सांगितले की, आपणांस काही ठाऊक नाही, काही दुखले नाही.

या तिघांनी सांगितले ते खरे मानावे की त्यांच्या चेहऱ्याने सांगितले ते? कलकत्त्यातील कित्येक डॉक्टरांनी सोपा मार्ग धरला : हे काळे लोक साहेबास खूष करण्यासाठी सोंग करतात. मांडी कापली जात असता साहेबाच्या खुशीसाठी गप्प राहणारा मनुष्य मेस्मेरिझमपेक्षाही मोठा चमत्कार म्हणावा लागेल! एस्डेल त्यांच्या बाजूने भांडला खरा. पण त्याचेही स्पष्टीकरण द्रवाचेच होते, आणि बंगाली मनुष्य दुर्बळ व शरणागत वृत्तीचा म्हणून त्याच्या अंगी तो द्रव लवकर भिनतो, असे तो मानी. कैद्यांच्या मनात काय चालले होते हे विचारण्याची गरज दोन्ही पक्षांस वाटली नाही. फारियाचे मत कोणी वाचले असते तर तोच प्रश्न प्रथम निघाला असता.

क्लोरोफॉर्मने हा वाद मिटविला असे आपण समजतो. १८४८ साली कलकत्त्याच्या मेस्मेरिक दवाखान्याचे सरकारी साहाय्य थांबले, आणि १८५१ साली एस्डेल स्वदेशी परतला. औषध नाकाशी धरावे, काही मिनिटांत मनुष्य निपचित. तासन्‌तास हात फिरवीत कोण बसतो? व्यवहारात हे योग्यच झाले. परंतु त्या तिघांचा प्रश्न मिटला नव्हता. १९७७ साली टनस्टॉल या भूलतज्ज्ञाने एक साधी युक्ती काढली : स्नायू शिथिल करणारे औषध देण्यापूर्वी रोग्याच्या एका हातास पट्टा आवळावा, म्हणजे तेवढा हात मोकळा राहतो, मग भूल दिलेल्या रोग्यास सांगावे की, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही रोगी दाबतात. जागे झाल्यावर बहुतेकांस त्याची आठवण नसते. तेव्हा न आठवणे म्हणजे न जाणवणे नव्हे, ही गोष्ट हुगळीस जितकी अडचणीची होती तितकीच आजच्या शस्त्रक्रियागृहातही आहे. आठवण पुसली गेली एवढ्यावरून त्या तीन बंगाली देहांनी काय भोगले याचा निकाल लावण्यास माझे मन धजत नाही.

तथापि वेदना शब्दाने खरोखरच बदलते, याचा पुरावा आता फारियाच्या बाजूने उभा आहे. १९९७ साली रॅनव्हिल आणि त्याचे सहकारी यांनी संमोहित माणसांचे हात कढत पाण्यात बुडवून त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. पाणी तेच, कढतपणा तोच. केवळ 'हे कमी त्रासदायक वाटेल' वा 'अधिक वाटेल' या सूचनेने वेदनेच्या त्रासाशी निगडित अशा मेंदूच्या विशिष्ट भागातील क्रिया उणीअधिक झाली. बेल्जममधील लिएज येथे १९९२ पासून हजारो रोग्यांवर, पूर्ण भूल न देता, संमोहन, जागेपुरते बधिरीकरण आणि थोडे शामक औषध यांच्या आधारे शस्त्रक्रिया झाल्या आहेत. बेल्जमचे नागरिक हे काही हुगळीचे कैदी नव्हेत. एस्डेलने वंशास लावलेले दूषण तेथे आपोआप गळून पडते. आणि काहींस हे साधते, काहींस साधत नाही, हा फारियाचा मूळ मुद्दा तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोजमापांनी अगदी पक्का केला. ज्या विद्यार्थ्यांची एकदा परीक्षा घेतली होती त्यांचीच पंचवीस वर्षांनी घेतली, तो त्यांचा अनुक्रम बहुतांशी तसाच आढळला.

फारियाचे ऋण पुढे काहींनी मान्य केले. नान्सीच्या बेर्नेइम याने सूचनेच्या सिद्धांताचा मान त्यास दिला. गोमंतकीय विद्वान डॉक्टर दालगादु यांनी १९०६ साली पॅरिसमध्ये त्याचे चरित्र प्रसिद्ध केले आणि ग्रंथाचेही पुनर्मुद्रण केले. १९२५ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ याने त्याजवर पुस्तक लिहिले. हाच मोनिझ पुढे मेंदूतील तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल १९४९ सालचा नोबेल पुरस्कार घेऊन गेला. मनावर शब्दाने उपाय करणाऱ्याचे चरित्र मनावर सुरीने उपाय करणाऱ्याने लिहावे, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

वसतिशाळेतील त्या लहान जागेवर असतानाच फारियाने आपला ग्रंथ लिहावयास घेतला होता. 'सजग निद्रेचे कारण' या आशयाचे त्याचे नाव, आणि एकंदर चार खंडांची योजना. पहिला खंड १८१९ साली छापून झाला; त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी लेखक वारला आणि माँमार्त्रच्या स्मशानभूमीत निनावी थडग्यात पुरला गेला. उरलेले तीन खंड निघाले नाहीत. जो निघाला त्याच्या मुखपृष्ठावर, पुढचे येणार या भरवशाने छापलेला 'खंड पहिला' हा शब्द तेवढा अजून आहे.